देवदूत थांबला

(प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १२ वा, वचनें ७ ते १०)



जून महिना लागला, शाळा उघडल्या, आणि आपल्या गांवांतील घराघरांत सकाळीं सात वाजतां तोच देखावा पुन्हां दिसूं लागला. तव्यावर भाकरी, बाहेर पावसाचीं चिन्हें, आणि ओसरीवर सहा वर्षांचें लेंकरूं दोन्ही हात पसरून खांबासारखें उभें! आई त्याच्या अंगांत सदरा चढवीत आहे. हात वर कर, पाय उचल, हलूं नको, असा तिचा उपदेश चालला आहे. लेंकरूं मात्र त्या खटपटींत नाहींच. त्याचे डोळे अंगणांतल्या कोंबडीकडे लागलेले. सदरा त्याचा, अंग त्याचें, शाळा त्याची. काम मात्र सगळें आईचें.

हा देखावा पाहून आम्हांस वारंवार वर दिलेल्या वचनांची आठवण होते. सदऱ्याच्या आणि चड्डीच्या गोष्टी उपदेशांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्यानें आमच्याबरोबर थोडा वेळ हेरोद राजाच्या तुरुंगांत यावें.

पेत्र बंदींत होता. चार चार शिपायांच्या चार टोळ्या त्याच्या पहाऱ्यावर नेमिल्या होत्या. दोन सांखळ्यांनीं जखडलेला तो दोन शिपायांच्या मध्यें निजला होता, आणि दुसऱ्या दिवशीं हेरोद त्याला लोकांपुढें काढणार होता. योहानाचा भाऊ याकोब याचा वध त्याच राजानें तरवारीनें करविला होता. तेव्हां त्या उद्यांच्या दिवसाचा अर्थ काय होता हें सांगावयास नको. अशा रात्रीं प्रभूचा दूत आला. कोठडींत उजेड पडला, दूतानें पेत्राच्या कुशीवर मारून त्याला उठविलें, आणि त्याच्या हातांतल्या सांखळ्या गळून पडल्या. येथवर सर्व दूतानें केलें. आतां पुढें काय होतें तें नीट पाहा. दूत पेत्राला कंबर कसावयास सांगतो, वहाणा घालावयास सांगतो. पेत्र तसें करितो. मग अंगावर वस्त्र घेऊन आपल्या मागें येण्यास सांगतो.

ज्याच्या नुसत्या येण्यानें लोखंड सुटलें, त्याला वहाणेचा बंद बांधतां आला नसता काय? वेळ तर किती आणीबाणीची! पहारेकरी उशापायथ्याशीं आहेत, लोखंडी दरवाजा अद्याप पुढें आहे. पेत्र इतका झोपेंत होता कीं, आपण कांहीं दर्शन पाहत आहों असेंच त्याला वाटत होतें. अर्धवट झोपेंतला मनुष्य पायांत वहाणा घालूं लागला म्हणजे किती वेळ लागतो, हें आपण जाणतों. दूत थांबला असा शब्द शास्त्रांत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु पेत्राच्या कमरेला पट्टा बसेपर्यंत आणि पायांत वहाणा जाईपर्यंत तो तेथें उभा होता, एवढें तर लिहिलेल्यावरूनच दिसतें. टीकाकारांनीं त्या पट्ट्याचे व वहाणांचे पुष्कळ गूढ अर्थ काढिले आहेत. सेमिनरींत आम्ही ते शिकलों, व बरेचसे विसरलों. साधा अर्थ उरला तो असा: पेत्राच्यानें जें होण्यासारखें नव्हतें तें दूतानें केलें, जें होण्यासारखें होतें तें पेत्रालाच करूं दिलें.

आतां आमच्याच घरची गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं उपासनेची पहिली घंटा झाली होती. आमची धाकटी कन्या, वय वर्षें चार, दाराशीं बसून आपल्या झग्याच्या गुंड्या लावीत होती. (गुंडी म्हणजे हल्लींच्या मुलांचें बटण.) जीभ दांतांत धरलेली, एक गुंडी लागलेली, दुसरी अर्धी काजांत, अर्धी बाहेर. आम्हीं तिचे हात बाजूस सारले, चारही गुंड्या भराभर लावल्या आणि तिला उचलून चालूं लागलों. ती वाटभर रडली. उपासनेंत आईच्या मांडीवर बसून तिनें त्या चारही गुंड्या सोडल्या व पुन्हां पहिलीपासून लावावयास आरंभ केला. तेव्हां आम्हीं व्यासपीठावरून डोळे वटारले. त्या दिवशींचा उपदेश कशावर होता तें आज आम्हांस आठवत नाहीं. पुढें दोन वर्षें ती मुलगी कपडे घालण्याच्या वेळीं हात पसरून उभी राहत असे, तें मात्र आठवतें. तिला येत नव्हतें असें नाहीं. तुझ्या हातांहून आमचे हात बरे, हें आम्हींच तिला शिकविलें होतें.

हा केवळ सकाळच्या घाईचा प्रश्न असता तर आम्हीं एवढें लिहिलें नसतें. एका खेड्यांत बालवाडींत जाणारा एक मुलगा होता. त्याची चड्डी नाडीची. ती घसरूं नये म्हणून आई सकाळीं घट्ट गांठ मारी, आणि लघवीस लागली कीं तो बिचारा त्या गांठीशीं झगडे. एके दिवशीं गांठ सुटली नाहीं. चड्डी ओली झाली, मुलें हंसलीं. दुसऱ्या दिवशीं तो वाटेवरच्या बाभळीखालीं दप्तर घेऊन बसून राहिला. तिसऱ्या दिवशींही तसेंच. घरच्यांस वाटलें, लेंकरूं हट्टी आहे. शिकविणाऱ्यांस वाटलें, मंद आहे. गांठीचें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. आजीनें एकदां त्याला जवळ घेऊन विचारलें तेव्हां उलगडा झाला. आईनें नाडी काढून इलॅस्टिक ओंवलें, आणि चार दिवसांनीं मुलगा बाभळ ओलांडून शाळेंत गेला. जीं मुलें दुपारपर्यंत पाण्याचा घोंटही घेत नाहींत, कारण आपली गुंडी आपल्याच्यानें सुटणार नाहीं हें त्यांस पक्कें ठाऊक असतें, तीं कोणास दिसतही नाहींत.

आणखी एक गोष्ट बोलण्यास जड आहे, तरी बोललीच पाहिजे. ज्या लेंकराचे कपडे कोणींही काढावे व कोणींही घालावे अशी संवय पडलेली असते, त्याला परक्याचा हात परका वाटत नाहीं. मुलांवरील लैंगिक अपराधांविरुद्ध २०१२ सालीं आपल्या देशांत कायदा झाला, हें चांगलें झालें. पण कायदा बहुधा घडून गेल्यावर धांवतो. हें अंग माझें आहे, येथें माझा हात पुरे आहे, हें बोलण्याचें धैर्य मुलास स्वतःची गुंडी स्वतः लावतां-सोडतां येऊं लागल्यावर सोपें होतें.

मग शिकवावें कसें? पहिलें हें कीं, सकाळीं शिकवूं नये. सकाळीं घड्याळ शत्रु असतें. संध्याकाळीं, शाळेचे कपडे उतरवितांना आरंभ करावा. कारण घालण्यापेक्षां काढणें सोपें, आणि मुलें तेंच आधीं शिकतात. पायमोजा ओढून काढणें दोन वर्षांच्या मुलासही जमतें. चौथ्या-पांचव्या वर्षीं मोठ्या गुंड्या लावतां येऊं लागतात. बुटाच्या नाडीची गांठ सहाव्या-सातव्या वर्षाआधीं न जमल्यास त्यांत मुलाचा कांहीं दोष नाहीं. शेजारणीचा मुलगा पांचव्या वर्षीं करतो म्हणून आपल्या मुलास टोंचून बोलूं नये.

दुसरें, काम शेवटाकडून शिकवावें. ही युक्ति हाताच्या कामांचे उपचार करणारे लोक वापरतात, आणि आम्हीं ती घरीं करून पाहिली आहे. चड्डी आपण गुडघ्यांच्या वर आणून द्यावी. शेवटची ओढ मुलानें घ्यावी. तें साधलें कीं गुडघ्यांपर्यंतच आणून द्यावी, मग पोटरीपर्यंत, मग नुसती हातांत. असें केल्यानें प्रत्येक वेळीं काम मुलाच्या हातून पुरें होतें, ‘झालें!’ हा आनंद त्याचा असतो. आपण बहुधा उलट करतों: आरंभ त्याला करूं देतों, आणि तो अडला कीं शेवट हिसकावून घेतों.

चड्डी घालतांना मुलास बसवावें. एका पायावर उभें राहून दुसरा पाय भोंकांत घालणें ही मोठ्यांसही कसरतच आहे. गुंड्या खालून वर लावाव्या, म्हणजे सदऱ्याचीं दोन टोकें जुळलेलीं डोळ्यांस दिसतात व वर एक गुंडी जास्त उरत नाहीं. गळ्याजवळची गुंडी दिसत नाहीं, ती सर्वांत शेवटीं शिकवावी. नव्या गणवेशाचीं काजें ताठ असतात. एकदां धुऊन, बोटानें ताणून मग तो मुलाच्या हातीं द्यावा. आणि लहान मुलींच्या झग्यांना पाठीवर गुंड्या कां लावतात, हें कोडें आम्हांस आजवर उलगडलें नाहीं. जेथें हात पोंचत नाहीं तेथें गुंडी! शिंप्यास सांगून त्या पुढें लावून घ्याव्या.

ज्या लेंकराचा एक हात अधू आहे, त्याच्या आईबापांस वाटतें कीं हें सर्व आपल्यासाठीं नव्हे. आहे, त्यांच्यासाठीं तर अधिकच आहे. अधू हात बाहींत आधीं घालावा, आणि सदरा काढतांना तो शेवटीं काढावा. एवढा एक क्रम लक्षांत ठेविला तर पुष्कळ काम मुलाचें मुलालाच साधतें.

ही विद्या कांहीं नवी नाहीं. डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील सान लोरेंझो नांवाच्या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींत लांकडी चौकटी असतात. चौकटीवर दोन कापडें, आणि त्यांना कोठें गुंड्या, कोठें हुक, कोठें बंद. स्वतःच्या छातीवर जें नीट दिसत नाहीं, तें मूल चौकट समोर ठेवून डोळ्यांदेखत शिकतें. ह्या बाई १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या व महायुद्धामुळें १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें, तेव्हां महागड्या साधनांऐवजीं गांवांत मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. त्या धोरणानें पाहिल्यास चौकटही विकत घ्यावयास नको. बापाचा जुना सदरा उशीवर चढवावा आणि उशी लेंकराच्या मांडीवर द्यावी. उशी रडत नाहीं, घाई करीत नाहीं, आणि तिला शाळेंत जावयाचें नसतें.

मंडळींत फिरतांना आम्हांस दोन उत्तरें ऐकूं येतात. एक, वेळ नाहीं. हें खरें आहे, आणि मजुरीवर जाणाऱ्या आईला आम्ही दोष देत नाहीं. संध्याकाळचीं पांच मिनिटें मागतों, आणि तीं बापाकडेही मागतों. दुसरें उत्तर बोललें जात नाहीं, पण घरांत दिसतें. मुलगी पांच वर्षांची झाली कीं स्वतःचे कपडे घालते व धाकट्या भावाचेही घालते. तो भाऊ नऊ वर्षांचा झाला तरी बहिणीपुढें पाय पुढें करून बसतो. ह्याला लाड म्हणतात. आम्ही त्याला अन्याय म्हणतों, आणि तो त्या मुलावरही आहे.

कपडे घालून देण्यांत माया असते, हें आम्ही नाकारीत नाहीं. हन्ना आपल्या शमुवेलासाठीं दर वर्षीं लहानसा झगा करून शिलो येथें नेत असे. बाकीचे दिवस तो झगा त्याच्या अंगावर कोण चढवीत होतें, हें शास्त्र सांगत नाहीं. वृद्ध एलीची दृष्टि पुढें मंदावली, हें मात्र सांगतें. आमच्या मतें त्या लेंकरानें तो आपल्याच हातांनीं घातला असावा. आईची माया त्या शिलाईंत होती.

आपल्या मंडळ्यांतील किती तरी कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परत येतात. गेल्या हंगामांत अशाच एका घरची सात वर्षांची मुलगी शाळा बुडूं नये म्हणून आजीपाशीं ठेविली होती. आजीचीं बोटें संधिवातानें वांकडीं झालेलीं. आईनें जाण्यापूर्वीं तीन आठवडे रोज रात्रीं दिव्याखालीं मुलीकडून गुंड्या लावून घेतल्या होत्या. कारण पुढचे पांच महिने ती जवळ नसणार होती, आणि आजीच्या हातून गुंडी लागणार नव्हती.

जानेवारींत आम्ही त्या घरीं भेटीस गेलों. सकाळची थंडी होती. मुलगी गणवेश घालून तयार होती. एक गुंडी चुकीच्या काजांत, बाकी सर्व ठीक. ती आजीपुढें गुडघे टेकून तिच्या स्वेटरच्या गुंड्या खालून वर लावीत होती. तरुणपणीं मनुष्य आपली कंबर आपण बांधतो व म्हातारपणीं दुसरा कोणी ती बांधतो, असें प्रभूनें त्याच पेत्राला सरोवराच्या कांठीं सांगितलें होतें. तें त्याच्या मरणाविषयीं होतें खरें. पण आमच्या मनांत तेंच आलें. शेवटची गुंडी राहिली तेव्हां आजी म्हणाली, “थांब गं बाई, ही एक माझी मला लावूं दे.”

मुलीनें हात मागें घेतले. म्हातारीचीं बोटें त्या गुंडीवरून दोनदां घसरलीं. लांबून शाळेची घंटा ऐकूं आली. मुलीनें एकदां रस्त्याकडे पाहिलें, आणि तशीच गुडघे टेकून बसून राहिली.