गवा, रानमूग आणि तगर

ज्या शिवारांत खरिपाला पिढ्यान्‌पिढ्या मूग आणि उडीद पेरला जातो, त्या धाराशिव जिल्ह्यात बांधावर पसरलेल्या एखाद्या वेलीकडे बोट दाखवून पोराने ‘हे काय?’ असे विचारले, तर जाणत्या माणसाला वनस्पतिशास्त्राचा आधार शोधावा लागत नाही. दिसायला मुगासारखा पण कोणी न पेरता उगवलेला, म्हणून हा रानमूग, आणि त्याच न्यायाने पलीकडचा रानउडीद, एवढ्यावर त्याचे काम भागते. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने उपमानप्रमाणाचे विवेचन करताना मुद्गपर्णी आणि माषपर्णी ह्याच दोन वनस्पतींचा दाखला दिला आहे: मुगासारखी असते ती मुद्गपर्णी, एवढे ऐकून मनुष्य रानात जातो आणि नेमकी तीच ओळखून औषधासाठी घेऊन येतो. (‘दाखला’ हा शब्दही मोठा मासलेवाईक आहे. कचेरीत तो प्रमाणपत्र असतो आणि बोलण्यात उदाहरण; उदाहरण हेही प्रमाणच, असा निवाडा मराठीने केव्हाच देऊन टाकलेला दिसतो.)

शास्त्रात गाजले ते मात्र गवयाचे उदाहरण. ज्याने गवा कधी पाहिलेला नाही अशा नगरवासीयाला अरण्यवासी सांगतो की, गवय गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दृष्टीस पडताच ते वाक्य आठवते आणि ‘गवय म्हणतात तो हाच’ असा बोध होतो. नाव आणि वस्तू यांचा संबंध कळणे हेच नैयायिकांच्या मते उपमानाचे फळ. वैशेषिकांनी हे सारे अनुमानाच्या खात्यात जमा केले, बौद्ध आणि सांख्य यांनीही उपमानाला स्वतंत्र आसन दिले नाही. मीमांसकांनी ते दिले, पण फळ निराळे सांगितले: समोरच्या गवयाला पाहून समोर नसलेल्या घरच्या गाईविषयी, ती याच्यासारखी आहे, असे जे ज्ञान होते, ते उपमान. राधानगरीच्या जंगलात गवा पाहणाऱ्या आमच्याकडच्या शेतकऱ्याला दावणीची देवणी गाय नव्याने दिसावी, ही कल्पना मला नैयायिकांच्या नामकरणापेक्षा अधिक खोल वाटते. तर्कात सरशी कोणाची, हा प्रश्न वेगळा.

तथापि खरी अडचण सूत्रकारानेच पूर्वपक्ष म्हणून मांडलेली आहे. साम्य असावे तरी किती? संपूर्ण म्हणावे, तर गाय गाईसारखी एवढेच हाती लागते. बहुतांश म्हणावे, तर बैल आणि रेडा एक होतात. आणि अंशमात्र म्हणावे, तर मेरू पर्वत आणि मोहरी यांतही काही ना काही सारखे सापडतेच. उत्तर असे की, साम्याचे मोजमाप येथे अभिप्रेत नाही, ते प्रसिद्ध असले पाहिजे. प्रसिद्ध म्हणजे कोणाला प्रसिद्ध? माझ्या मते सारी मेख येथे आहे. गाय आणि गवय दोन्ही ज्याने पाहिले आहेत, असा अरण्यवासी ह्या व्यवहारात जामीन उभा आहे. उपमानाचे बळ साम्यात असते त्याहून अधिक ह्या जामिनात असते.

तेरणेच्या काठचे तेर हे याचे आमच्या जिल्ह्यातले उत्तम प्रत्यंतर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची मोठी पेठ सांगितली आहे. विद्वान ते वर्णन घेऊन तगर शोधू लागले. कोणी देवगिरीवर बोट ठेवले, कोणी जुन्नरवर, आणि अखेर 1901 साली फ्लीट यांनी तेर हेच तगर असे प्रतिपादन केले, जे पुढे मान्य झाले. ऐकीव वर्णन, मग प्रत्यक्ष स्थळ, मग ‘ते हेच’ असा निर्णय: आकृती थेट गवयाची! येथे मात्र पेरिप्लसकर्त्याला शंका विचारण्याची सोय नव्हती, दिशाही नेमकी पूर्वेची नसून आग्नेयेकडे कलते, म्हणून शब्दाचा अपभ्रंश, अंतर आणि अवशेष यांचा मुकाबला करूनच खातरजमा करावी लागली. वैशेषिक ह्याला अनुमान म्हणून मोकळे झाले असते. त्याच तेरात त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. त्याची मागची अर्धवर्तुळाकार बाजू आणि गजपृष्ठासारखे छप्पर पाहून ते मूळचे बौद्ध चैत्य असावे असे अनेकांनी म्हटले. लेण्यांतील चैत्यांशी साम्य निर्विवाद आहे. पण तशी वास्तू त्या काळी अन्य पंथीयांनीही बांधली नसेलच, असे सांगणारा अरण्यवासी कोठून आणावा? वाद अजून मिटलेला नाही, आणि नुसत्या साम्यावर तो मिटू नये हेच बरे.

तेरच्याच गोरा कुंभारांची गोष्ट सर्वश्रुत आहे. जमलेल्या संतांच्या डोक्यांवर त्यांनी थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. मेरू-मोहरीचा आक्षेप येथे सहज घेता आला असता: माणसात आणि मडक्यात साम्य ते काय? पण सांगणारा कुंभार होता आणि संतही होता. आवा आणि साधना दोन्हींची आच त्याने सोसलेली होती. नामदेवांना मात्र हा जामीन पटला नाही. रागावून ते पंढरीला गेले आणि प्रत्यक्ष विठ्ठलालाच त्यांनी विचारले, म्हणजे उपमान नाकारून शब्दप्रमाणाकडे दाद मागितली; आणि आख्यायिका म्हणते की, तेथेही निकाल तोच लागला.