रानातला विसावा



गेल्या हिवाळ्यात भिलाईच्या आमच्या मंडळीतील काही तरुणांसह जैसलमेरजवळच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आम्ही दोन दिवस पायी हिंडलो व तंबूत राहिलो. तेथे वाळूच्या टेकड्यांपेक्षा खडकाळ, गवताळ माळच अधिक. इब्री शास्त्रातील ‘मिद्बार’ही असेच, मराठी शास्त्रात त्यास ‘रान’ म्हटले आहे.

रात्री एक कामगार तरुण म्हणाला, “काका, कारखान्याचा आवाज नाही, म्हणून झोप येत नाही.” १९५९ साली भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून आमचे शहर पाळ्यांवर चालते. देह घरी येतो, मन कामावरच राहते.

आम्ही निर्गमाचा १६ वा अध्याय वाचला. मिसरात विटा पाडणाऱ्या दासांना परमेश्वराने रानातच विसावा शिकविला : सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना, सातव्या दिवशी मुळीच नाही. तरी काहीजण वेचावयास गेलेच! मिसर सुटला, पण दास्य सुटले नव्हते.

माझ्याही पिशवीत भाषांतराची मुद्रिते होती. लज्जित होऊन मी ती तशीच मिटून ठेवली.

प्रियजनहो, पाळी आपल्या हाती नाही. परंतु ‘माझ्यावाचून सारे थांबेल’ हे भय सोडणे आपल्या हाती आहे. पोषण करणारा तो आहे. आमेन.