सात ग्रॅमचा जीव

अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं बटेराचं पिल्लू जेमतेम सात-आठ ग्रॅम भरतं. आईची ऊब नसेल तर पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश तापमान लागतं. आजारी पिल्लू पिसं फुलवून, डोळे मिटून ऊब देणाऱ्या दिव्याखाली बसून राहतं. पाण्याच्या उथळ ताटलीतही गोट्या टाकाव्या लागतात, नाहीतर ते तिथेच बुडतं. एवढ्याशा जिवासाठी कुणी रात्र का जागवावी?

ऋग्वेदाला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. देवांचे वैद्य अश्विनीकुमार यांनी लांडग्याच्या जबड्यातून बटेर पक्षिणीला सोडवलं, हा पराक्रम तिथे आंधळ्याला दृष्टी दिल्याच्या बरोबरीने येतो.

खरी अडचण पुढेच आहे. पिल्लू जगणारच नसेल तर?

जैन पांजरपोळांचं उत्तर स्पष्ट आहे: शेवटच्या श्वासापर्यंत शुश्रूषा. १९२८ साली साबरमती आश्रमात गांधीजींनी तडफडणाऱ्या वासराला डॉक्टरकडून इंजेक्शन देववून मरण दिलं आणि देशभरातून टीका ओढवून घेतली. पण त्याआधी उपचारांचे सगळे मार्ग संपले होते, हे विसरता कामा नये. निपचित पडलेलं पिल्लू अनेकदा फक्त गारठलेलं असतं. त्याला ऊब द्यावी, सावरल्यावर चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब लावावा; तोंडात पाणी ओतू नये. इतकंही न करता ‘सुटका’ करणं म्हणजे दया नव्हे, कंटाळा.

रानातलं पिल्लू सापडलं तर मात्र ते घरी ठेवू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.