बदामाचं सोंग

मध्यमवर्गीय घरात बदाम खायला आणत नाहीत, मोजायला आणतात. शेंगदाण्याचा डबा ओट्यावरच असतो, जाता-येता कुणीही मूठ मारावी. काजूचा डबा झाकणबंद, पण निदान दिसेल अशा जागी. बदामाची बाटली मात्र वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या मागे, आणि तिच्यात किती बदाम आहेत हे घरात एकाच व्यक्तीला ठाऊक असतं. परीक्षा जवळ आली की रात्री पाच बदाम भिजत पडतात. सहावा का नाही, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. जास्त अक्कल आली तर मुलगा हाच प्रश्न विचारील, अशी भीती असावी.

इतका मान असलेल्या वस्तूची सोंगं निघायचीच. आपल्याकडे तर बदाम ही वस्तू कमी आणि पदवी जास्त आहे. शाळेच्या आवारातल्या झाडाखाली पडलेली फळं दगडाने ठेचून आतली काडीएवढी गिरी आपण ‘बदाम’ म्हणूनच खाल्ली. ते झाड देशी बदामाचं, म्हणजे खऱ्या बदामाशी त्याचं नातं आडनावबंधूचं. जर्दाळू खाऊन झाला की त्याची बी दाराच्या फटीत धरून फोडायची (दाराची बिजागरी याच कामासाठी असते, असा माझा बरीच वर्षं समज होता) आणि आतून निघेल तोही बदामच. पत्त्यांतला बदाम आहेच. आणि बदामी हलव्यातला बदाम म्हणजे लग्नपत्रिकेवरचा गणपती. मान त्याचा, वर बसलेला तो, पण कार्य दुसऱ्याचंच.

हे सगळं आपण हसून चालवून घेतो. आणि तोच माणूस वाण्याने तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळली तर पंचक्रोशीला गोळा करतो. मग नाही त्याला आहे म्हणणं हे लबाडी कधी होतं आणि गंमत कधी? मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी यावर काही लिहून ठेवलेलं असणारच. आमच्या घरी हा प्रश्न गॅसच्या शेगडीवर, मंद आचेवर आला.

तळमजल्यावरच्या आंटी मूळच्या गोव्याच्या. गेली तीस-बत्तीस वर्षं दिवाळीत आमच्याकडून चकल्या-करंज्या खाली जातात आणि नाताळात खालून वर एक डबा येतो. त्यात दोदोल असतो, कुलकुल असतात, आमच्या करंजीची ख्रिस्ती बहीण नेवरी असते, आणि मधोमध मार्झिपान. इवलाले आंबे, सफरचंदं, गुलाबाची फुलं, एखादा मासा. ‘‘बदामाची मिठाई,’’ असं आंटी म्हणतात, आम्हीही म्हणतो. गेल्या नाताळाच्या आधी आंटींचे हात दुखायला लागले, तेव्हा आमच्या हिनं जाहीर केलं, की या वर्षी मार्झिपान आपल्या घरी होणार, आंटींनी फक्त खुर्चीत बसून सांगायचं.

आंटी बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘अर्धा किलो काजू काढ.’’

‘‘आंटी, बदाम ना?’’

‘‘बदाम कशाला?’’

‘‘बदामाची मिठाई ना?’’

‘‘हां. पण काजूची.’’

हे त्या इतक्या सहजपणे म्हणाल्या, की पुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पण विचार केला तर यात चुकीचं काहीच नाही. पोर्तुगीज लोक गोव्यात आले ते घरची मिठाई डोक्यात ठेवून. बदाम गोव्यात होत नव्हता. काजूचं झाड मात्र त्यांनीच ब्राझीलमधून आणून सोळाव्या शतकात इकडे लावलेलं, आणि ते कोकणच्या डोंगरांवर असं रुजलं की जणू परशुरामानेच लावलं असावं. तेव्हा बदामाच्या जागी काजू बसला. सुरुवातीला बदली कामगार म्हणून, नंतर कायम. आज बाजारात काजू कित्येकदा बदामापेक्षा महाग असतो, म्हणजे नक्कल अस्सलाहून महाग पडते. तरी आंटींना कुणी बदामाचं मार्झिपान दिलं तर त्या एक तुकडा खाऊन, सभ्यपणे, ‘‘वेगळं आहे,’’ एवढंच म्हणतील.

तरीसुद्धा बायकोने तुलना म्हणून थोडे बदामाचंही करायचं ठरवलं. बदाम सोलण्याचं काम माझ्याकडे आलं. उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवायचे, गार पाण्यात टाकायचे आणि चिमटीत धरून दाबायचे. साल हातात राहते आणि बदाम सुटतो तो सरळ समोरच्या भिंतीवर. एक आत्याच्या जपमाळेजवळ जाऊन पडला, तो तिनं परत दिला नाही. मग ते कोरडे करून मिक्सरमध्ये अगदी थोडं थोडं फिरवायचे. जास्त फिरवले तर तेल सुटून लगदा होतो. काजूचंही तेच. चाळलेली पूड, तेवढीच साखर, अंड्याचा पांढरा भाग, चमचा-दोन चमचे गुलाबपाणी, आणि मंद आचेवर घोटत राहायचं. मिश्रण कडेने सुटून गोळा व्हायला लागलं की उतरवायचं. आधी उतरवलं तर आंब्याचं पोट बसतं, उशीर झाला तर आंबा दगडी होतो. हाताला लोणी लावून मळायचं, साच्यात दाबायचं, रंग द्यायचा. बदामाचा घाणा आम्ही एकतारी पाकावर, अंड्याशिवाय केला. तो का, ते पुढे येईल.

दोन्ही ताटं शेजारी ठेवली तेव्हा मोठी मौज झाली. बदामाच्या ताटाला बदामाचा वास नव्हता. काजूच्या ताटाला होता. कारण आंटींनी काजूत अर्काचे तीन थेंब टाकले होते. ज्याला आपण बदामाचा वास म्हणतो तो आपल्या नेहमीच्या गोड बदामाचा नसतोच. तो कडू बदामाचा. लीबिग आणि व्होलर या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८३२ साली कडू बदामाच्या तेलाचा अभ्यास केला. ते तेल म्हणजे बेंझाल्डिहाइड. कडू बदाम ठेचून ओला केला की हा सुगंध सुटतो आणि त्याच्या जोडीला हायड्रोजन सायनाइड, म्हणजे चक्क विष. (अर्क विकतात त्यात ते नसतं, घाबरू नका.) म्हणजे बदामाच्या घराण्यात गुणी मुलगा बिनवासाचा, आणि ज्याच्या नावाने घराणं दरवळतं तो मुलगा विषारी. अशी घराणी आपल्या सगळ्यांच्या माहितीत आहेत.

आंब्याचंही तसंच. काजू, पिस्ता, बिब्बा आणि आंबा ही वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने एकाच कुळातली मंडळी. तेव्हा आंटींचा काजूचा आंबा हे सोंग म्हणावं तर भावानेच भावाचं घेतलेलं. बदाम या भावकीतला नाही. तो जर्दाळू आणि पीचचा नातलग.

आणि इथे आपली दाराच्या फटीत फोडलेली बी परत येते. जर्मनीत ल्यूबेक नावाचं गाव मार्झिपानसाठी प्रसिद्ध आहे. १८०६ सालापासून चालत आलेली पेढी तिथे आजही आहे. गावकरी सांगतात, की पंधराव्या शतकात एकदा गावात पीठ संपलं आणि कोठारात नुसते बदाम उरले, म्हणून बदामाचा पाव केला. स्पेनमधल्या तोलेदोचे लोक जवळजवळ हीच गोष्ट आपल्या गावाची म्हणून सांगतात. खरी कुणाचीही असो, असला दुष्काळ आपल्या वाट्याला कधी आला नाही. तर त्याच जर्मनीत जर्दाळूच्या बियांतल्या गिरीपासून, तिचा कडवटपणा काढून टाकून, मार्झिपानसारखाच एक स्वस्त गोळा करतात. नाव पर्सिपान. दिसायला तसाच, खायला जवळपास तसाच. मग ओळखायचं कसं? त्यात अर्धा टक्का स्टार्च मुद्दाम घालायचा, असा तिथला दंडक. आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो आणि सोंग उघडं पडतं.

हे वाचून मला एकदम डालड्याची आठवण झाली. तुपात वनस्पती तूप मिसळून विकायचा धंदा आपल्याकडे जोरात होता, तेव्हा सरकारने वनस्पती तुपात तिळाचं तेल घालण्याची सक्ती केली. तिळाचं तेल एका रासायनिक चाचणीत लालबुंद होतं; म्हणजे तुपात डालडा असला तर तो लाजून स्वतःच कबूल होतो. मला ही कल्पना फार थोर वाटते. बनवणाऱ्याला म्हणायचं, बाबा, तू सोंग घे, आमची ना नाही, पण आपल्याविरुद्धचा साक्षीदार पोटात घेऊन हिंड. माणसांच्या बाबतीत अशी सोय असती तर किती लग्नं मोडली असती आणि किती पुढारी निळे पडले असते!

आंटींच्या आंब्यात मात्र साक्षीदार नव्हता. तशी गरजही कधी पडली नव्हती. मार्झिपानचा आंबा खरा आंबा आहे असं समजून कुणी कोय शोधत नाही. फसवणाऱ्याला जितकी मजा तितकीच फसणाऱ्याला. सोंग बहुरूप्याचं, उघडं पडल्यावर तो तुमच्याकडूनच पैसे मागतो. वाण्याची लाखेची डाळ ही निराळी. तिची सगळी मदार तुम्हांला कळू नये यावर. इथवर माझं तत्त्वज्ञान अगदी छान जमून आलं होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरात आंटी, वरच्या मजल्यावरची बाई आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा, आत्या, आमचा कॉलेजात जाणारा मुलगा अशी सगळी मंडळी जमली होती. ताटं मधे होती. मुलाची नजर आंब्यावर.

‘‘आंटी, हे कसलंय?’’

‘‘मार्झिपान रे बाबा. बदामाची मिठाई,’’ आंटी म्हणाल्या. बत्तीस वर्षांची सवय.

बदाम म्हटल्यावर त्याची आई निर्धास्त झाली. कारण त्या मुलाला काजू चालत नाही. न आवडण्याचा प्रश्न नाही, चालतच नाही. एकदा कुणाच्या तरी बारशाला बर्फीचा कोपरा खाल्ला आणि ओठ सुजले, श्वास घेता येईना, रात्र हॉस्पिटलात काढावी लागली. बदाम चालतो, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं आहे. इतकं मला नंतर कळलं. आंटींना मात्र ते कुठूनसं ठाऊक होतं, किंवा त्या क्षणी आठवलं. मुलाचा हात आंब्याजवळ गेला आणि ज्या हातांना पीठ मळवत नव्हतं त्या हाताने आंटींनी त्याच्या मनगटावर अशी चापट मारली, की आंबा उडून कोचाखाली गेला.

‘‘थांब! काजू हाय त्यात!’’

कुणी काही बोललं नाही. मुलगा रडायच्या बेतात. हिनं घाईघाईने बदामाचं ताट पुढे केलं, ‘‘याला हे देऊ या, हे खरंच बदामाचं आहे.’’ त्याच्या आईने शांतपणे विचारलं, ‘‘वहिनी, मिक्सर एकच ना?’’

मिक्सर एकच होता.

बहुरूपी आणि वाणी यांच्यामधला माझा सगळा फरक त्या मिक्सरमध्ये बारीक झाला. आंटींच्या मनात लबाडीचा कण नव्हता. आंबा फसवायला केलेला नव्हता. आणि तरी नाव चुकीचं होतं, आणि त्याची किंमत आंटींनी नाही, आम्ही नाही, त्या पोराने मोजली असती. मुलाला अखेर फळांच्या टोपलीतलं संत्रं दिलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं, वास घेतला आणि विचारलं, ‘‘हे खरं आहे ना?’’

तेव्हापासून आमच्या घरून निघणाऱ्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. मुलाने कॉम्प्युटरवर छापून काढलीय: काजू, साखर, अंड्याचा पांढरा, गुलाबपाणी, लोणी, रंग; वास बदामाचा, बदाम नाही. आंटींनी ती वाचून घेतली आणि म्हणाल्या, ‘‘ही मिठाई आहे की औषध?’’ पण काढायला सांगितली नाही.

चिठ्ठीतला तिसरा शब्द वाचून तुमच्या मनात आत्या आली असेल. आली नसेल तर सांगतो. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय चौऱ्याऐंशी. चातुर्मासात कांदा-लसूण नाही, अंडं तर घरात शिजलं तरी ती गॅलरीत जाऊन बसते. बदामाचा घाणा पाकावर केला तो तिच्यासाठी. आणि ही आत्या गेली बत्तीस वर्षं आंटींच्या डब्यातला पहिला आंबा स्वतः उचलते. आंटींना वाटत होतं तिला माहीत आहे. आम्हांला वाटत होतं आंटी तिच्यासाठी वेगळं करतात. त्या संध्याकाळी, मुलाच्या प्रकरणाने पेटलेल्या आमच्या चिरंजीवांना सत्याचा झटका आला.

‘‘आजी, तुला माहिती पाहिजे. त्या मार्झिपानमध्ये ना—’’

‘‘मी विचारलं का तुला?’’ आत्या म्हणाली.

‘‘नाही, पण तुझा हक्क—’’

‘‘तो पोरगा विचारत होता, त्याला सांगा. त्याला सांगितलंच पाहिजे. मी विचारलेलं नाही.’’

बायकोने पाकावरचं ताट पुढे केलं. ‘‘आत्याबाई, हे घ्या. हे मुद्दाम तुमच्यासाठी केलंय.’’ आत्याने एक तुकडा घेतला, चघळला, ‘‘चांगलं झालंय गो,’’ म्हणाली, आणि दुसरा घेतला नाही.

या वर्षी डबा आला तेव्हा मी मुद्दाम बघत होतो. झाकणावर चिठ्ठी, टपोऱ्या अक्षरांत, कुणालाही वाचता यावी अशी. आत्याने डबा मांडीवर घेतला. मग चष्मा काढला, पदराने पुसला, घडी घालून घरात ठेवला, घर मिटलं, आणि डब्याचं झाकण उघडून चाचपत चाचपत आंबा शोधायला लागली.