दुष्काळ सर्वांचा, भार कोणावर?

पाऊस दडी मारतो ती सर्वांच्याच शेतावर. मग दुष्काळात एकाचे घर उभे राहते आणि शेजाऱ्याचे बसते, हे कसे? कित्येक म्हणतात, ज्याचे त्याचे प्रारब्ध! वाचकहो, प्रारब्धाला बोल लावण्यापूर्वी गावचा व्यवहार नीट पाहू या.

मृग कोरडा गेला की चारा महागतो आणि जनावर स्वस्त होते. गरीब बैल विकतो, कारण दावणीला घालायला काही नसते. घेणारा कोण? ज्याच्या गाठी रोकड आहे तोच. पुढल्या साली पाऊस येतो, पण बैल गेलेला असतो. मग पेरणीला कर्ज. नुकसान धनिकाचेही होते, रुपयांत मोजले तर अधिकही होईल. पण त्याचा नफा जातो आणि याचे बियाणे जाते. पाण्याचेही तेच. ऐपतीचा माणूस बोअर आणखी खोल नेतो, आणि शेजारच्या आडातले उरलेसुरले पाणी आटते. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्याच मराठवाड्यात उसाचे मळेही होते.

आता तर हवामानच पालटत आहे. जगातील शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०२३ साली सांगितले की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मानाने पृथ्वी सुमारे १.१ अंश तापली आहे. २०१० ते २०२० या काळात पूर, अवर्षण व वादळे यांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दुबळ्या प्रदेशांत सुस्थित प्रदेशांच्या १५ पट होते. आणि धूर कोणाचा? घरोघरच्या वापरातून निघणाऱ्या तापकारक वायूंपैकी ३४ ते ४५ टक्के वाटा सर्वांत जास्त वापर करणाऱ्या दहा टक्के घरांचा. तळच्या निम्म्या घरांचा अवघा १३ ते १५ टक्के. चूल एकाची, चटका दुसऱ्याला!

मग धन हे पाप का? तसे नव्हे. घरात दाणा असणे हा दोष नाही. पण कोणी म्हणेल, “पडत्या भावात बैल घेतला तर घेतला, चोरी तर नाही ना केली!” कायद्याने नाही केली, खरे. परंतु शेजाऱ्याच्या अडचणीतून आपली बरकत झाली, तर ती बरकत निर्दोष कशी म्हणावी?

१६३० च्या महादुर्गाळात तुकोबारायांचे महाजनाचे घरही बसले. पत्नी गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ही गोष्ट आपण वैराग्याची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण एकदा ऋणकोच्या ओट्यावर बसून ऐका. कागद बुडाला, म्हणून त्या घराला पुन्हा पेरते होता आले.

तेव्हा ज्याला देवाने चार दाणे जास्त दिले, त्याने दुष्काळात शेजाऱ्याचा बैल विकत न घेता त्याला वैरण द्यावी, आणि वसुलीचा तगादा सुगीपर्यंत थांबवावा. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. गावी परतून त्याच माणसाच्या दावणीवर डोळा ठेवला, तर तो नमस्कार कोणाला केला होता?