आधी कोणास आत घ्यावे?

ज्या कोणी रात्रीच्या वेळी आपले आजारी माणूस घेऊन रुग्णालयाची पायरी चढली असेल, त्यास पुढील देखावा नव्याने सांगावयास नको. व्हरांड्यात भिंतीला लागून एक बाक असतो. त्यावर कोणी बाई तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसलेली असते. कोणी मोटारसायकलवरून पडून आपले कोपर धरून बसलेला असतो. कोणा म्हाताऱ्याचा दमा उसळलेला असतो. आत डॉक्टर एकच, व दाराशी सिस्टरही एकच. प्रत्येकाच्या हातात केसपेपर असतो व प्रत्येकाचे डोळे त्या दाराकडे लागलेले असतात. इतक्यात बाहेर एक गाडी थांबते, कोणी तरी आत फोन लावतो, आणि सर्वांच्या मागून आलेला मनुष्य सर्वांच्या आधी आत जातो. बाकावर कोणी काही बोलत नाही. एखादा नुसता आपला केसपेपर ह्या हातातून त्या हातात घेतो.

हे पाहून आपणांस चीड येते, आणि ती योग्यच आहे. परंतु चीड येणे निराळे व न्याय काय आहे हे समजणे निराळे. कारण उद्या ती गाडी आपली असली व तो फोन आपल्या ओळखीचा असला, तर आपली चीड कोठे जाईल? यास्तव, वाचकहो, दाराशी अनेक जण असता आधी कोणास आत घ्यावे व का, ह्या प्रश्नाचा आज शांतपणे विचार करू.

पहिले उत्तर आपल्या तोंडी तयारच असते: जो आधी आला त्यास आधी घ्यावे. रेशनच्या दुकानात हाच नियम चालतो, एस. टी. च्या तिकिटाच्या खिडकीवरही हाच चालतो, व तेथे तो न्यायाचाच आहे. कारण तेथे थांबण्याची किंमत सर्वांस सारखीच पडते; ज्यास उशीर झाला त्याची फार तर एक गाडी चुकते. परंतु रुग्णालयाच्या बाकावर थांबण्याची किंमत सारखी नसते. एकास अर्धा तास थांबल्याने झोप कमी मिळेल. दुसऱ्याचा त्याच अर्ध्या तासात प्राण जाईल. ज्या नियमाने दोघांचा अर्धा तास एकाच मापाने मोजला जातो, तो नियम दिसावयास सरळ असला तरी न्यायाचा नव्हे.

दुसरे उत्तर कोणी तोंडाने देत नाही, परंतु दाराशी पुष्कळदा तेच चालते: जो मोठ्याने ओरडतो त्यास आधी घ्यावे. ह्यात काय चूक आहे, हे आपल्या भागातील शेतकऱ्यांस मण्यार सापाच्या उदाहरणावरून चांगले समजेल. घोणस चावली असता जागा सुजते, आग होते, व मनुष्य आक्रोश करतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या मनुष्यास चावते. तिचे दात बारीक असतात; पुष्कळदा दंशाची खूणही सापडत नाही व सूजही येत नाही. मनुष्य पहाटे उठून पोटात दुखते म्हणून सांगतो. मग त्याच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात, थुंकी गिळवत नाही, आवाज बसतो, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. तो ओरडत नाही. त्यास ओरडताच येत नाही. प्रतिविष वेळेवर मिळाले व श्वासास यंत्राचा आधार मिळाला, तर असा मनुष्य वाचतो, नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत ह्यांनी सर्पदंशाच्या उपचारात पुष्कळ वर्षे केलेले काम आपल्या भागात सर्वश्रुत आहे. परंतु बाकावरच्या लोकांस असा रोगी झोपाळलेला दिसतो, आणि शेजारी बोट कापलेला मनुष्य हाका मारीत असतो.

सर्वांत मोठे संकट पुष्कळदा मुके असते. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे मातीखाली गेली. त्या गावातून मदतीसाठी मोठी आरोळी उठली नाही, कारण आरोळी देणारेच गाडले गेले होते. त्या रस्त्याने एस. टी. घेऊन आलेल्या चालकास गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याने खबर दिली तेव्हा जगाला कळले. ज्यांस आवाज उरला नव्हता त्यांचा आवाज एका पाहणाऱ्याने केला. हे उदाहरण मनात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडेल.

तर मग खरा नियम कोणता? ज्याची निकड सर्वांत मोठी त्यास आधी घ्यावे, हा. फ्रान्सच्या नेपोलियन बादशहाच्या सैन्यात डोमिनिक लारे नावाचे एक शस्त्रवैद्य होते. रणांगणावर हुद्दा न पाहता, ज्याची जखम अधिक घातक त्याच्यावर आधी उपचार करावा, अशी रीत त्यांनी घातली. शत्रूकडील जखमी मनुष्यही त्या रीतीतून त्यांनी वगळला नाही. आज मोठ्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात हीच रीत रंगांनी चालते. दाराशीच रोग्याची नाडी, श्वास, रक्तदाब व शुद्ध पाहतात. ज्यास तत्काळ उपचार पाहिजे तो लाल, जो थोडा थांबू शकेल तो पिवळा, व जो चालता-बोलता आहे तो हिरवा. आपल्याकडे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची प्रतवारी होते, तेथे उत्तम माल आधी उचलला जातो. ही प्रतवारी नेमकी उलट आहे: जो सर्वांत वाईट दशेत आहे तोच आधी उचलावयाचा.

हा नियम सांगावयास सोपा, परंतु पाळावयास कठीण. कारण तो पाळण्यास कोणी तरी बाकावरच्या प्रत्येकाकडे नीट पाहिले पाहिजे. जेथे रात्री एकच सिस्टर असते, तेथे ती पाहणार कितींकडे? पाहणारे डोळे कमी पडले की दाराची किल्ली आपोआप वशिल्याच्या हाती जाते. ओळखीचा मनुष्य दिसतो. अनोळखी मनुष्य समोर असूनही दिसत नाही.

येथे मला माझा स्वतःचा दोष सांगितला पाहिजे, नाही तर हा लेख दुसऱ्यांस नीती शिकविण्यापुरताच राहील. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या पायाला विळा लागला. रक्त पुष्कळ गेले होते व मी घाबरून गेलो होतो. ज्या रुग्णालयात त्यास नेले तेथील एक कर्मचारी माझ्या ओळखीचे होते. मी त्यांस हळूच म्हणालो, “जरा आमचे आधी बघा.” त्यांनी दार उघडले. बाकावर घाटमाथ्याकडचा एक आदिवासी बंधू आपल्या बायकोस खांद्याशी टेकवून बसला होता. तो आमच्या आधी आला होता. तिचे पोट दुखते एवढेच त्याने सांगितले होते, व थांबा म्हटले म्हणून तो थांबला होता. माझ्या मुलाच्या पायाला टाके पडून आम्ही बाहेर आलो, तेव्हा त्या बाईच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या व ती थुंकी गिळू शकत नव्हती. मग धावपळ झाली, प्रतिविष दिले गेले, व रुग्णवाहिकेतून तिला मोठ्या रुग्णालयाकडे नेण्यात आले. पुढे ती बरी होऊन घरी गेल्याचे कळले.

ती वाचली म्हणून माझे मन हलके व्हावयास हवे होते. पण झाले नाही. कारण तिचे वाचणे हे माझ्या करणीचे फळ नव्हते. मी दाराशी उभा राहून जे केले, ते ती मेली असती तरी तेच असते व वाचली तरी तेच आहे. परिणाम बरा झाला म्हणून कृत्य बरे ठरत नाही. माझ्या मुलाचा पाय घट्ट बांधून आणखी वीस मिनिटे धरून ठेवता आला असता. तिचा श्वास कोणाला धरून ठेवता येणार होता?

आता कोणी म्हणेल, “बापाने आपल्या लेकरासाठी धडपडू नये काय? आपल्या माणसावर अधिक प्रेम करणे हा जर दोष, तर प्रेम म्हणजे तरी काय?” हा आक्षेप हलका नाही. आपल्या माणसासाठी रात्रभर धावावे, त्यास पाठीवर वाहून आणावे, उशाशी जागावे, वेळ पडल्यास बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवावे. हे सर्व प्रेमाने करावे व त्यात कोणाचा अन्याय नाही. कारण ह्या सर्वांत आपण आपले स्वतःचे खर्च करतो. परंतु ओळखीने पुढे घुसतो तेव्हा आपण दुसऱ्याचे खर्च करतो, आणि तेही त्यास न विचारता. जे प्रेम शेजाऱ्याच्या खिशातून दिले जाते, त्यास औदार्य कसे म्हणावे?

तसेच सिस्टरजवळ बोलणे सर्वच वाईट, असेही नाही. मला एक सोपी कसोटी सुचली आहे. दाराशी जे आपण सांगणार, ते सबंध बाकास ऐकू जाईल अशा आवाजात सांगता येईल काय? “ह्याचा श्वास अडकतो आहे,” हे मोठ्याने सांगता येते, आणि ते ऐकून बाकावरचे लोक स्वतःच वाट करून देतात. “हा साहेबांचा मनुष्य आहे,” हे मात्र कानातच सांगावे लागते. पहिली खबर आहे, दुसरा वशिला आहे. खबर देणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. वशिला हा ज्यास ओळख आहे त्याचाच.

कायद्याने ह्या बाबतीत काही पावले टाकली आहेत, ती आपल्या लोकांस माहीत असावीत. परमानंद कटारा ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सन १९८९ मध्ये ठरविले की, जखमी मनुष्य आला असता पोलिसांचे कागद होईपर्यंत न थांबता, सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टराने आधी प्राण वाचविण्याचा उपचार केला पाहिजे. पश्चिम बंगालात आगगाडीतून पडलेल्या एका शेतमजुरास खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले होते. त्यावर सन १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने, वेळेवर उपचार न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल दिला. आणि सन २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात जे कलम घातले गेले, त्यात अपघातात सापडलेल्यास मदत करणाऱ्यास त्या दाखल्यातील चांगल्या शोमरोन्याचेच नाव देऊन संरक्षण दिले आहे. परंतु कायदा एवढेच सांगतो की कोणासही परत पाठवू नये. बाकावरच्या पाच जणांत आधी कोण, हे दाराशी उभ्या असलेल्या माणसांनीच ठरवावयाचे राहते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. रांग न्यायाची झाली म्हणजे सर्व झाले, असे समजू नये. एक भाकरी दहा जणांत नीट वाटली तरी ती एकच भाकरी असते. घाटमाथ्यावरच्या गावांस रात्री डॉक्टर दूर का, एका सिस्टरवर एवढा भार का, हे ग्रामसभेत विचारणे हाही ह्याच न्यायाचा भाग आहे. आणि त्या दमलेल्या सिस्टरवर ओरडणे हा त्याचा भाग नव्हे.

आता शेवटची गोष्ट. योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दा तळ्याची हकिकत आहे, ती आपणा सर्वांस ठाऊक आहे. पाणी हालले की जो आधी उतरेल तो बरा होई, असा तेथील समज होता. म्हणजे ज्याचे पाय चांगले किंवा ज्याच्याजवळ उचलणारा कोणी, त्याचाच नंबर आधी. तेथे ३८ वर्षे आजारी असलेला एक रोगी पडून होता. त्याचे गाऱ्हाणे आपला रोग कठीण असल्याचे नव्हते. आपल्यास पाण्यात नेणारा कोणी मनुष्य नाही, हे होते. आपल्या बाकावरही हेच गाऱ्हाणे बसलेले असते, फक्त ते बोलत नाही.

आपल्याच जिल्ह्यात एका बाईने हे गाऱ्हाणे ऐकले होते. सन १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलास पाठीवर घेतले व हडपसरच्या बाजूस आपले पुत्र यशवंतराव ह्यांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्याच साथीत त्यांस प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला. डॉक्टर त्यांचा मुलगा होता. ती ओळख त्यांनी, ज्याची कोणाशीच ओळख नव्हती, त्याच्यासाठी खर्च केली.

म्हणून, बंधुभगिनींनो, ओळख टाकून द्या असे मी म्हणत नाही. तिचे तोंड फिरवा. आपले माणूस घेऊन रुग्णालयात गेलात तर आधी बाकाकडे पाहा. जो गप्प बसला आहे, ज्याच्याबरोबर कोणी नाही, ज्यास मराठी नीट बोलता येत नाही, त्यास दोन शब्द विचारा, आणि काही गंभीर दिसले तर सिस्टरला मोठ्याने सांगा. आणि आपले उपदेशक बंधू, ज्यांच्याकडे लोक चिठ्ठी मागावयास येतात, त्यांनी ती जरूर द्यावी. पूर्वी मी चिठ्ठीत लिहीत असे: “हा आपल्या मंडळीतील आहे, ह्याचे काम करावे.” आता मी लिहितो: “किती वाजता चावले, कोठे चावले, पापण्या केव्हा जड झाल्या, आतापर्यंत काय दिले.” मनुष्य कोणाचा आहे, हे आता त्या चिठ्ठीत नसते.