पाणी येईपर्यंत

आमच्या गावाला दोन गावठाणं. एक माळावरचं, एक पाण्याखालचं. मी माळावरच्या गावठाणात जन्मलो. पण घरात भांडणं व्हायची ती पाण्याखालच्या गावावरूनच. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. भीमेचं पाणी मागं सरकत करमाळा तालुक्यातल्या आमच्या शिवारात शिरलं आणि दादांचं सात एकर काळं रान, माळवदाचं घर, मशिदीमागची चिंच, कबरस्तान, सगळं यशवंतसागराच्या पोटात गेलं.

दादा म्हणजे अब्बांचे वडील. आम्ही पिंजारी. हिवाळ्यात खांद्यावर पिंजण टाकून दादा गावोगाव गाद्या भरायचे, बाकीचे दिवस शेती. माळावर आल्यावर त्यांच्या खोलीत पिंजण, एक पेटी, वाकळ, नमाजाची चटई आणि कंदील एवढंच असे. एकदा मी त्यांना पुण्याहून भारी शाल आणली. आठ दिवसांनी ती गुराख्याच्या अंगावर दिसली. मी घरी येऊन फणफणलो, तर म्हणाले, "ऊब तीच हाय की रं. फकस्त अंग बदललंय."

गावात त्यांच्या या वागण्याचं कौतुक होतं. मला मात्र कॉलेजात असताना त्याचा राग यायचा. मशिदीत मौलवीसाहेब कनाअत समजावून सांगत, म्हणजे मिळालं त्यात समाधान. जुहद समजावून सांगत, म्हणजे दुनियेत राहून दुनियेवरनं मन काढणं. मला वाटायचं, हे सगळं बुडालेल्यांनाच का सांगायचं? धरणाच्या पाण्यावर खाली ऊस उभा राहिला, कारखाने निघाले, बंगले झाले. ज्यांची काळी माती गेली त्यांच्या वाट्याला मुरमाड माळ आला. अशा माणसानं 'मला काही नको' म्हणायचं, यात वैराग्य कुठलं? ज्याच्या हातात काही उरलंच नाही त्यानं मूठ उघडून दाखवावी, तसलं ते.

एकदा हे दादांच्या तोंडावर बोललो. ते रागावले नाहीत. पेटीतून कापडी पिशवी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत कागद. सातबारे, नोटिसा, अर्जांच्या नकला, पोचपावत्या. बदली जमिनीसाठी चौदा वर्षं ते कचेरीचे हेलपाटे घालत होते, एसटीनं, कधी ट्रकनं. मला हे ठाऊक होतं. पण शाल देऊन टाकणारा माणूस आणि हेलपाटे घालणारा माणूस, हे दोघं एकच आहेत, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

"मग तुमची कनाअत कुठं गेली?" मी विचारलं.

"हक सोडनं म्हंजी कनाअत न्हवं," दादा म्हणाले. "माझा हक मी सोडला तर पोरं उपाशी मरतील, आन् घेनारा सोकावंल. मागायचं. रोज मागायचं. पर कचेरीतनं रिकामं आल्यावर भाकर गोड लागली पायजे. ती कडू लागाय लागली, की समजायचं, जमीन गेली ती गेली, आता आपूनबी चाललो."

पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं, दादा काही जगावेगळं बोलत नव्हते. इस्लामात संन्यास नाही. घरदार सोडून डोंगरात जाऊन बसा, असं सांगणं नाही. पैगंबर साहेब स्वतः व्यापार केलेले, बीबी खदीजा मोठ्या व्यापारी, हजरत उस्मान तर त्या काळचे धनवान. तरी पैगंबर साहेबांच्या घरात झोपायला खजुरीच्या पानांची चटई होती, त्यांचे वळ अंगावर उठायचे. ते गेले तेव्हा त्यांचं चिलखत घरच्यांसाठी घेतलेल्या जवापायी गहाण पडलेलं होतं. म्हणजे संपत्ती हराम नाही. ती कुठं ठेवायची, हातात की काळजात, एवढाच सवाल आहे. कुराणात १०२ वी सुरा आहे, तकासुर. आठच आयती. आणखी हवं, आणखी हवं, या चढाओढीत माणूस गुंततो तो थेट कबरीपर्यंत, असा तिचा मतलब. दादा ती हळू आवाजात म्हणायचे तेव्हा मला पाण्याखालचं कबरस्तान आठवायचं. आमच्याकडे तर कबरीचीही जागा राहिली नव्हती.

धरणाकाठी राहणाऱ्याला गाळपेर माहीत असतं. पाणी उतरलं की बुडालेली रानं उघडी पडतात. वर गाळाचा थर, लोण्यासारखा. जमीन सरकारची, एका हंगामापुरती कसायला मिळते. नुसत्या ओलीवर कडवळ, हरभरा येतो. पाणी चढलं की पुन्हा सगळं गडप.

दादा गाळपेरातल्या पिकाचा दहावा हिस्सा बाजूला काढत. माळावर, जिथं आम्ही मोटारीनं पाणी द्यायचो, तिथं विसावा. हा उश्रचा जुना हिशोब आहे. फुकटच्या पाण्यावर पिकलं तर दहावा, कष्टानं नि खर्चानं पाणी दिलं तर विसावा. मी लहान होतो, विचारलं, "हितं जास्त का?"

"वर बिल भरतो, पाइप वढतो. हितं आपून काय केलं? वल त्याची, गाळ त्याचा. आपून नुसतं बी टाकलं."

त्यांनी गाळपेरात कधी बांध घातला नाही. शेजारी खुंट्या ठोकायचे, दोऱ्या लावायचे, दोन सऱ्यांवरनं डोकी फोडायचे. दादा म्हणायचे, "पानी येईपत्तुर आपली. पानी आल्यावर मोजा म्हनावं."

आता माझं सांगतो. दादा गेल्यानंतर काही वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. पलीकडं पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं, बघायला गर्दी लोटली. आणि आमचं मूळचं रान वर आलं. जुन्या बांधाचा दगडही दिसला. अब्बा आणि चाचा यांच्यात त्या दगडावरनं जुंपली. दगड सरकलाय, न्हाई सरकला. मी पुण्याहून खास आलो आणि मोबाइलवर नकाशा लावून चिखलात मोजणी केली. अडीच गुंठे आमच्याकडं निघाले. मी ते चाचांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चाचा काही बोलले नाहीत, चपला हातात घेऊन निघून गेले. बकरी ईदला ते आमच्याकडं आले नाहीत.

जुलैच्या शेवटी पुण्याकडं पाऊस झाला, दौंडचा विसर्ग वाढला. दोन दिवसांत दगड पाण्याखाली.

माझं पुण्यात घर आहे, पगार आहे. त्या अडीच गुंठ्यांतून मला एक पेंढीसुद्धा नको होती. तरी मोजताना हात थरथरत होते, हे मला आठवतं. दादा हक्कासाठी भांडले, पण रात्री घोरत झोपले. मी हक्क जिंकलो आणि पहाटेपर्यंत जागा होतो. कॉलेजात वाटायचं, समाधान ही नसणाऱ्यांची गोष्ट. आता वाटतं, नसणाऱ्याला निदान कसोटी लागून गेलेली असते. आपली लागायची असते.

दर रमजानात मी जकातीचा हिशोब करतो. शिल्लक साडेबावन तोळे चांदीच्या किमतीपुढं गेली की चाळीसावा हिस्सा. रक्कम कमी निघाली की बरं वाटतं. ते बरं वाटणं मला आवडत नाही. पण वाटतं खरं.

पाणी चढल्यावर अब्बा म्हणाले, "कडवळाचा दहावा काढला न्हाई औंदा." भांडणात राहूनच गेला होता. पेंढ्या पडवीत रचलेल्या होत्या. मी मोजून बाजूला काढल्या, मापात एक जास्त घातली आणि चाचांच्या शेजारच्या म्हातारीच्या गोठ्यात टाकून आलो. तिच्याकडं दोन शेळ्या आहेत. येताना चाचांचं दार उघडं होतं. मी आत गेलो नाही. दारातनंच सलाम केला. आतून चाचांनी जवाब दिला.